चांदीला मीठ चालत नाही

"सलाईन नको! स्टराईल वॉटर घे," सिस्टरांनी शिकाऊ मुलीच्या हातातली बाटली काढून घेतली. ट्रेमध्ये निळसर काळ्या रंगाची, जाळीदार पट्टी पडली होती. शेजारच्या कॉटवर आत्या डावा हात उशीवर ठेवून बसली होती. दिवाळीत शंकरपाळे तळताना कढईतलं तेल मनगटापासून कोपरापर्यंत उडालं होतं. नळाखाली वीस मिनिटं हात धरायचं कुणाला सुचलं नाही. टूथपेस्ट थापायचं मात्र लगेच सुचलं. पहिल्या दिवशी ती धुऊन काढण्यातच अर्धा तास गेला.

त्यानंतर पाच दिवस पांढरं मलम चाललं, एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन. न्यूयॉर्कच्या चार्ल्स फॉक्स यांनी 1968 मध्ये ते पुढे आणलं. त्याआधी सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या बांधत. त्यांनी जंतू आवरत, पण चादरी, फरशी, नर्सांची बोटं असं सगळंच काळं पडे. मलमाने हा डाग टळला. रोजची पट्टी मात्र टळली नाही.

ती पट्टी सोडणं हीच खरी परीक्षा. अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी, मग गॉज भिजवून हळूहळू सोडवायचं. खाली सायीसारखा पिवळट थर दिसला आणि मी घाबरून म्हटलं, "पू झाला!" सिस्टर हसल्या. जखमेतून झिरपणारं पाणी आणि मलम मिळून तो थर बनतो. पण तो पुसल्याशिवाय खालची जखम कळत नाही, आणि पुसताना आत्या पदराचा बोळा दातांत धरायची. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मलम थांबवून ही काळी पट्टी लिहून दिली. महाग होती, समोरच्या मेडिकलमधून आणावी लागली, पण ती तीन दिवस उघडायची नव्हती.

"चांदीच लावायची तर माझी जोडवी उगाळून लावली असती," आत्या म्हणाली.

सिस्टरांनी प्रश्न मनावर घेतला. जंतू मारतात ते चांदीचे आयन. ते ओल लागल्यावर सुटतात, आणि घट्ट धातूतून फार थोडे सुटतात. या पट्टीवर चांदीचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग खूप वाढतो. चांदीला गंधकाची ओढ. जोडवी काळी पडतात ती गंधकामुळेच, आणि जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकालाही आयन असेच जाऊन चिकटतात. मग त्याचं कामकाज बंद पडतं. पण मीठ दिसलं की चांदी त्यातल्या क्लोराइडला धरते आणि न विरघळणारा साका होऊन बसते. म्हणून सलाईन नको. जखमेतलं पाणीही खारटच, तेव्हा पट्टीत साठा भरपूर हवा.

त्यांनी पट्टी जखमेच्या मापाने कापली, भिजवून निथळली, अलगद ठेवली. वर ओलसर गॉज, मग रोलर बँडेज. कोरडी पडली तर चांदी सुटणार नाही, फार ओली झाली तर भोवतालची चांगली कातडी पांढरी पडून सुरकुतेल. हा अंदाज त्यांच्या बोटांत होता.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत चांदी जंतूंना झपाट्याने मारते, यात वाद नाही. माणसाच्या अंगावर हिशेब इतका सरळ राहत नाही. 2010 मध्ये, वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात 26 चाचण्या, 2066 रुग्ण तपासले गेले; चांदीने जखम लवकर भरते किंवा संसर्ग टळतो असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. आपल्या सोलापुरात एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 रुग्णांवर मध आणि हेच पांढरं मलम यांची तुलना छापली, तीत मध सरस ठरला. सिस्टरांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मध ठीक आहे, पण वॉर्डातल्या मुंग्या कोण आवरणार?" मला वाटतं, चांदीचं काम राखणदाराचं. जंतू दाराशी असेपर्यंत ती हवी. नवी कातडी धरू लागली की त्या कोवळ्या पेशींनाही ती जाचते.

बाराव्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा कडेने गुलाबी कातडी आत सरकलेली होती, मध्येही तीळभर ठिपके. सिस्टरांनी चांदीचं पाकीट बाजूला सारलं आणि साधं व्हॅसलीन गॉज घेतलं.

"तो उरलेला तुकडा?" आत्याने विचारलं. "पैसे मोजलेत."

"पाकीट उघडलं की संपलं, आजी." तुकडा पिशवीत गेला. आत्या त्या पिशवीकडे बघत राहिली.