गिरणीचा भोंगा आणि खाणावळीची चूल

मुंबई गिरण्यांनी घडवली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि दोन वर्षांत तिथे सूत निघू लागले. पुढे परळ, लालबाग, भायखळ्याच्या बाजूला धुराडीच धुराडी उभी राहिली. गिरणगावच्या इतिहासात मालकांची नावे येतात, पुढाऱ्यांची येतात, संपांच्या तारखाही येतात. पण या कामगारांना दोन वेळा जेवू घालत कोण होते?

प्रश्न घरगुती वाटेल, पण सारी गोम तिथेच आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला गिरण्या निघाल्या तेव्हा बायका-मुलांसह अख्खी कुटुंबे शहरात येऊन राहिली. मुंबईत तसे झाले नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा गडी बहुधा एकटाच येई. गावची जमीन पोटाला पुरत नव्हती आणि गिरणीचा पगार बिऱ्हाड करायला पुरत नव्हता. मग भातलावणी, गुरेढोरे, सासू-सासऱ्यांचे आजारपण हे सारे गावी राहिलेल्या बायकोने निभवायचे आणि पोस्टमनची वाट पाहायची. मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी भागे. गडी थकला, आजारी पडला की परत गावीच. त्याला पोसायचे तेही घरच्यांनीच! मालकाच्या खतावणीत हा खर्च कधी चढलाच नाही.

मुंबईत एका गावचे लोक मिळून खोली घेत. दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याच्या जागी रात्रपाळीवाला अंग टाकी. एक ट्रंक, एक वळकटी, एवढीच ज्याची त्याची मालमत्ता. अशा खोलीत चूल कुठे मांडणार? शेजारच्याच चाळीतली, बहुतेकदा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, पंधरा-वीस जणांचे जेवण करू लागली. पहाटेच्या भोंग्याआधी भाकऱ्या थापून व्हायला हव्यात, रात्रपाळी सुटल्यावर पुन्हा ताटे मांडायला हवीत. खाणाऱ्याचा हिशेब पगारानंतर, वाणी मात्र इतके दिवस थांबायला तयार नसे. म्हणून सावकार, म्हणून गळ्यातले गहाण. कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी संघटना बांधून, अर्ज करून, सभा घेऊन १८९० साली मिळवून दिली. खाणावळवालीला सुट्टी कोण देणार?

गिरणीतही बायका होत्याच. १९२० च्या दशकात कामगारांमध्ये साधारण पाचातली एक बाई असे. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला खरा, पण पुढे त्यांची संख्या घटतच गेली.

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा या खाणावळवाल्या प्रथमच एकत्र आल्या. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज घ्यायचे ठरले. तारण द्यायला काही नव्हते, म्हणून बायका एकमेकींना जामीन राहिल्या.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पगार थांबला तशा मनीऑर्डरी थांबल्या. पुष्कळ जण गावी परतले आणि ज्या शेतीला त्यांनी आजवर मुंबईचा पैसा पुरवला होता, तिच्याच धान्यावर त्यांना दिवस काढावे लागले. खाणावळीतली ताटे कमी झाली, उधारी वाढली. ती मागायची तरी कोणाकडे? स्वतःचा नवराही संपातच! गिरणगावातल्या कितीतरी घरांत नवरा रिकामा बसला असताना बायकांनी धुणीभांडी धरली, पोळ्या लाटल्या, शिवणकाम केले आणि मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या.