पदवी घरबसल्या, पण पारखून!

इंग्रजी शिकवणाऱ्या कित्येक शिक्षकांची एम. ए.ची इच्छा संसाराच्या रगाड्यात मागे पडते. नोकरी सोडून शहरात राहणे परवडत नाही आणि घरबसल्या पदवीच्या जाहिराती तर रोज खुणावतात. अशा वेळी फीच्या आकड्याआधी मान्यता पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे वर्ष, तिन्ही हवीत. मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

१९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची इंग्रजीची एम. ए. दोन वर्षांची, पण ती चार वर्षांपर्यंत पुरवून करता येते. संसारी माणसाला ही सवलत फीच्या सवलतीइतकीच मोलाची! मात्र परीक्षा शुल्क वेगळे, तेही हिशेबात धरावे.

आणखी एक. एम. ए. म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. शाळेत बी. एड. लागतेच, महाविद्यालयात खुल्या प्रवर्गाला एम. ए.ला ५५ टक्के आणि शिवाय नेट, सेट किंवा पीएच. डी. तेव्हा आधी कुठे शिकवायचे ते ठरवा, मगच पैसे भरा. स्वस्त पदवी कामी आली नाही, तर तीच सर्वांत महाग पडते.