प्रसूतीच्या वेळी आपले माणूस

डोहाळजेवण आपल्या घरांत थाटाने होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पंगत. कशाचीही उणीव राहत नाही. मात्र कळा सुरू झाल्यावर त्या मुलीजवळ कोण बसणार, हा प्रश्न त्या पंगतीत क्वचितच कोणी विचारतो.

मीही विचारला नव्हता. ३१ मार्चचा ताळेबंद पूर्ण करण्यासाठी मी शाखेत थांबलो होतो आणि त्याच रात्री पत्नीची पहिली प्रसूती झाली. आई व सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या; आत प्रवेश नव्हता. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. परंतु अनेक वर्षांनी ती म्हणाली, "वेदना केव्हाच विसरले. तिथे एकटी होते, ते विसरता येत नाही." बँकेचा ताळेबंद जुळला, ही रक्कम माझ्या नावे राहिली.

सोबतीचे मोल केवळ भावनेचे नाही. ग्वाटेमालातील एका रुग्णालयात प्रथम प्रसूतीसाठी आलेल्या काही स्त्रियांजवळ एक साधी, अनोळखी स्त्री बसविण्यात आली. ती पाठ चोळी, हात धरी, धीर देई. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, गुंतागुंत न झालेल्या स्त्रियांपैकी सोबत लाभलेल्यांची प्रसूती सरासरी ८.८ तासांत, तर इतरांची १९.३ तासांत झाली. १७ देशांतील १५,००० हून अधिक स्त्रियांवरील प्रयोगांचा २०१७ मधील कॉक्रेन आढावाही हेच सांगतो: अखंड सोबतीने नैसर्गिक प्रसूती वाढतात, सिझेरियन घटते. भीतीने ॲड्रेनालिन वाढते व कळा मंदावू शकतात. धीर मिळाला की शरीर आपले काम करू लागते.

आधाराची गरज त्या रात्रीपुरती नसते. अमेरिकेतील १९७२ च्या एका अभ्यासात, आयुष्यात मोठे बदल सोसणाऱ्या गर्भवतींपैकी ज्यांचा मानसिक व कौटुंबिक आधार दुबळा होता, त्यांतील दहापैकी नऊ जणींना काही ना काही गुंतागुंत झाली. आधार भक्कम असलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांश होते. नवे घर, नवे गाव, दुकानाच्या वेळांना बांधलेला दिनक्रम यांत रुळणाऱ्या आपल्या सुनांचा येथे विचार व्हावा.

भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीस परवानगी दिली आहे. ती नात्यातील, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी; तिने अखेरपर्यंत थांबावे व डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशी अपेक्षा आहे. खासगी रुग्णालयाचा नियम मात्र नाव नोंदवितानाच विचारून घ्यावा. सोबत हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे, हेही ध्यानी असावे.

आणि सोबतीण कोण, हे सुनेलाच विचारावे. ती आईचे नाव घेईल, जावेचे घेईल, कदाचित सासूबाईंचेही. पतीनेही त्या दिवसांत पेढी सोडून जवळ असावे. हिशेब दुसऱ्या दिवशीही जुळविता येतो.