पाणी राखण्याकरितां शेतकऱ्यांस मोबदला कां द्यावा

दुष्काळांत सरकार खासगी विहीर अधिग्रहित करून तिचें पाणी गांवास देतें व मालकास मोबदला मिळतो, हें आमच्या आश्रयदात्यांस ठाऊक आहेच. परंतु तोंवर विहिरींत फारसें उरलेलें नसतें. कार्तिकांतच उन्हाळी बागायत न करण्याचा मोबदला दिला, तर वैशाखांत पिण्यापुरतें पाणी राहील. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यानें २०२२ सालीं बागायत जमीन व विहिरी पाण्याखालून काढण्याकरितां सहा कोटी डॉलर मंजूर केले.

एक गोष्ट मात्र ध्यानांत घ्यावी. आमच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत भेगांतील पाणी शेजारच्या विहिरींस सामाईक असतें. एकानें उसाचें पाणी तोडलें, तर दुसऱ्याचा पंप तें ओढून नेतो आणि दात्याचा पैसा व्यर्थ जातो. म्हणून करार एकट्यादुकट्याशीं न करितां एका ओढ्याच्या पाणलोटांतील सर्व विहीरमालकांशीं व्हावा. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें ऊस व शेतीच्या कूपनलिका मोबदल्यावांचून वर्ज्य केल्या. सर्वांनीं मिळून पाळलें म्हणूनच तें साधलें. तथापि कर्ज काढून विहीर खणलेल्यास उपदेश पुरत नाहीं. त्यास बुडालेल्या हंगामाचें उत्पन्न व बैलांची वैरण मिळालीच पाहिजे. व्यापारी गृहस्थांची वर्गणी यांतच खर्ची पडावी. बागाईतदारांनीं आपल्या पाणलोटांतील विहिरींची यादी कार्तिकापूर्वीं समितीकडे धाडावी.