अस्सल फटफटी म्हणावी तरी कोणती?

धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूरकडे निघाले की आधी सोनगीर लागते, मग नरडाणा. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, तर नरडाणा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन. फटफटीवर लिहायला बसलेल्या माणसाने भांड्यांच्या गावात काय म्हणून रेंगाळावे, असे वाचक विचारतील. थोडा धीर धरावा. तांबटाच्या हातोडीपाशी आपल्याला शेवटी यायचेच आहे.

नरडाण्याला रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी मी पाहिली. १९६८ सालची एन्फील्ड बुलेट. निदान चेसिसच्या मानेवर ठोकलेला नंबर आणि पिवळे पडलेले आर.सी. बुक तसे सांगत होते. बाकी अंगाने ती कुठल्याच एका सालाची नव्हती. मागे दुधाचे कॅन अडकवायला लोखंडी चौकट वेल्डिंग करून बसवलेली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल अडकू नये म्हणून पुढचा मडगार्ड अर्धा कापलेला. सायलेन्सर गावातच वळवून घेतलेला. आणि पेट्रोलच्या इंजिनाच्या जागी चक्क विहिरीवरच्या पंपाचे डिझेल इंजिन! मूळ इंजिन घरी कोठीत, गोणपाटात गुंडाळून ठेवलेले.

मालक चाळिशीचा शेतकरी. "हाई गाडी मना बापनी शे," एवढेच तो आधी बोलला. वडिलांनी वीस वर्षे याच गाडीवरून दूध घातले. पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेल इंजिन बसवले. वडील गेले, गाडी शेडमध्ये येऊन पडली. आणि आता शहरातला एक शौकीन ती मागत होता. पैसेही बरे देत होता. अट एकच, गाडी अस्सल करून द्यायची.

मिस्त्रींना त्यात काही अवघड वाटेना. "भाऊ, चौकट कापून टाकू, जुनं इंजिन चढवू, नवा मडगार्ड लावू. झाली गाडी अस्सल!"

मालक जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, मग आजवर ती काय नकली होती का?"

या प्रश्नाला शेडमध्ये कोणाजवळच उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते. घरी आल्यावर ते शोधू लागलो, तेव्हा कळले की भल्याभल्यांना या प्रश्नाने घाम फोडला आहे.

अस्सलाचे माहेर

प्रथम बुलेटचेच पाहा. हे नाव १९३२ सालचे, आणि गाडी विलायतेतल्या रेडिच गावची. १९५५ साली रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एन्फील्ड इंडिया काढली, आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट तयार होऊ लागली. सुरुवातीला विलायतेहून आलेले भाग जोडायचे, पुढे एकेक भाग इथेच घडू लागला. त्या काळी विलायती गाडी ती खरी आणि मद्रासची ती नक्कल, असे म्हणणारे पुष्कळ होते. पण नशिबाचे फेरे कसे असतात पाहा. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासचा चालूच राहिला. आणि १९७७ पासून तीच मद्रासची बुलेट विलायतेला निर्यात होऊ लागली! माहेरच उरले नाही, तेव्हा सासरी नांदलेली लेकच घराण्याची खूण ठरली.

म्हणजे केवळ जन्मगावावरून अस्सलपणा ठरत नाही.

मालकाच्या मर्जीची गाडी

शौकिनांच्या भाषेत 'कस्टम' गाडी म्हणजे मालकाच्या मर्जीबरहुकूम घडवून घेतलेली. बाजारातला तयार सदरा वेगळा आणि शिंप्याला माप देऊन शिवलेला वेगळा, तसेच हे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत पोरांनी मडगार्ड छाटून आणि वजन कमी करून गाड्या हलक्या केल्या, त्या 'बॉबर'. पुढे चिमटे लांब करून चेसिसची मानच तिरपी केली, त्या 'चॉपर'. विलायतेत १९५० ते ६० च्या दशकांत चहाच्या हॉटेलांपुढून शर्यती लावणाऱ्या तरुणांनी हँडल खाली घेतले, सीट मागे सरकवली; त्या 'कॅफे रेसर'. त्यांतली सर्वांत गाजलेली गाडी 'ट्रायटन'. तिची चेसिस नॉर्टनची आणि इंजिन ट्रायम्फचे! कुठल्याही कारखान्याच्या यादीत जिचा पत्ता नाही, अशी ही गाडी आज मानाने मिरवते. त्या काळात, त्या काळच्या भागांनी, त्या काळच्या हातांनी जोडलेली ट्रायटन अस्सल मानली जाते, आणि काल जुन्या वळणावर जोडलेली ती तिची प्रतिकृती. मूळ दोन्हींचे संकरच. फरक काळाचा आणि खरे सांगण्याचा.

खरे न सांगितले म्हणजे काय होते, याचीही गोष्ट आहे. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या अमेरिकन चित्रपटात पीटर फोंडा ज्या 'कॅप्टन अमेरिका' चॉपरवर बसला होता, तिच्यापैकी म्हणून एक गाडी २०१४ साली साडेतेरा लाख डॉलरच्या बोलीला लिलावात गेली. मौज अशी की, ज्या गृहस्थाने ती खरी असल्याचा दाखला दिला होता, त्याच्याच दाखल्याची दुसरी एक गाडी आधीपासून टेक्सासमध्ये होती! दोन्ही खऱ्या असणे शक्य नव्हते. लोखंड चोख असून इतिहास डळमळला, की गाडीही डळमळते.

सरकारची व्याख्या

आपल्याकडे हा प्रश्न आता कायद्यानेही हाती घेतला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. मात्र ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण एकदा ही पाटी लागली की गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. थोडक्यात, सन्मानाने निवृत्ती!

शिवाय, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून वाहनात बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे. नरडाण्याच्या बुलेटच्या पुस्तकात इंधन अजून 'पेट्रोल' आहे. डिझेल इंजिनाची नोंद कोणी कधी केलीच नाही. तेव्हा ती जशी आहे तशी रस्त्यावर काढणे बेकायदा, हे मालकाला सांगावेच लागले.

पण कायद्याचा अस्सलपणा आणि माणसाचा अस्सलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा विचारतो, गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का? माणूस विचारतो, ही तीच गाडी आहे का?

कल्हई आणि मोड

आता सोनगीरकडे वळू. आजीचा पितळी हंडा घ्या. त्याला वर्षानुवर्षे कल्हई होते, बुडाला ठिगळ लागते, कडी बदलते. तरी काठावर कोरलेले आजीचे नाव शाबूत असते, आणि हंडा आजीचाच राहतो. पण तोच हंडा मोडीत घालून त्याच पितळेचा नवा हंडा घडवला, तर धातू तोच असूनही तो आजीचा उरत नाही.

फटफटीचेही तसेच आहे. चेसिसवरचा नंबर म्हणजे हंड्यावरचे नाव. म्हणूनच तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. तो नंबर खोडून दुसरा ठोकणे, नव्या गाडीवर जुनी टाकी चढवून तिला साठ वर्षांची म्हणून खपवणे, ही खरी नक्कल. उलट ज्याला गरज पडली त्याने, गरज पडली तेव्हा, कापले-जोडले आणि ते कोणापासून लपवले नाही, तर ती गाडीची कल्हई. नरडाण्याच्या बुलेटवरची दुधाची चौकट कुठल्या चित्रात पाहून केलेली नाही. ती दुधाच्या ओझ्याने घडवली. जयपूर-मुंबईच्या कारागिरांनी घडवलेल्या देखण्या कस्टम गाड्यांइतकीच ती कस्टम आहे.

दसऱ्याला पुन्हा नरडाण्याला गेलो. शेडसमोर गाडीला झेंडूची माळ होती. शौकिनाला नकार गेला होता. कोठीतले पेट्रोल इंजिन मिस्त्रींनी खोलून, धुऊन पुन्हा चेसिसमध्ये बसवले होते, आणि पंपाचे इंजिन परत विहिरीवर गेले होते. चौकट मात्र कापली नव्हती; बोल्टवर काढता-घालता येईल अशी करून घेतली होती.

"साहेब तपासायला आले तर काढू," मालक म्हणाला, "एरवी राहू द्या. बापानं लावलेली आहे."

मिस्त्रींनी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी बोलली. मालकाची म्हातारी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आवाज ऐकताच तिने मान वर करून रस्त्याकडे पाहिले, आणि मग पदर सावरून पुन्हा सुपात हात घातला.