राग दाबू नका, रागात वाहूही नका : डीबीटी म्हणजे काय?

कॉलेजात जातीवरून मारलेला टोमणा, घर भाड्याने देताना विचारलेले आडनाव, आंदोलनानंतर होणारी ओढाताण. यातून आपल्या तरुणांच्या मनात काय साठते, यावर आपण फारसे बोलत नाही. कुणी संतापाच्या भरात हात उगारतो, कुणी कुढत बसतो, कुणी स्वतःलाच इजा करून घेतो. 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून आपण मोकळे होतो. पण भावना सांभाळणे हे कौशल्य आहे आणि ते शिकता येते. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजेच डीबीटी, नेमके हेच शिकवते.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉ. मार्शा लिनेहन यांनी ही उपचारपद्धती घडवली. तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. आत्महत्येचे वारंवार प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवर उपचार करताना त्यांना एक पेच दिसला. 'बदल' म्हटले की रुग्णाला वाटे, दोष माझ्यावरच ढकलला. नुसती सहानुभूती दाखवली, तर दुःख तसेच राही. म्हणून त्यांनी स्वीकार आणि बदल एकत्र आणले. स्वीकाराची बाजू त्यांना झेन बौद्ध साधनेत सापडली. या पद्धतीची पहिली मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत डीबीटी घेणाऱ्यांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रमाण कमी आढळले.

चार कौशल्ये

सजगता : मनात काय चालले आहे ते निवाडा न करता पाहणे. 'मी रागीट आहे' याऐवजी 'आत्ता राग आला आहे' असे ओळखणे. वेदनेकडे वेदना म्हणून पाहणारी सम्यक स्मृती आपल्याला परकी नाही.

कठीण क्षण निभावणे : भावनेचा भडका उडाला की आधी थांबणे, एक पाऊल मागे घेणे. थंड पाण्याने चेहरा भिजवणे, श्वास सावकाश सोडणे. प्रश्न यातून सुटत नाही, पण तो आणखी बिघडत नाही.

भावनांचे नियमन : भावनेला नाव देणे, ती वस्तुस्थितीला धरून आहे का ते तपासणे. नसेल, तर तिच्या ओढीविरुद्ध वागून पाहणे. पुरेशी झोप आणि वेळेवर जेवण हेही यातच येते.

नातेसंबंध : स्वाभिमान न गमावता आणि नाते न तोडता स्पष्ट मागणी करणे, स्पष्ट नकार देणे.

स्वीकार म्हणजे शरणागती नव्हे

कार्यकर्त्यांना इथे शंका येईल : अन्याय स्वीकारायचा का? नाही. जे घडले ते घडले आहे, एवढेच मान्य करायचे. ते योग्य होते असे नव्हे. वास्तव नाकारण्यात खर्च होणारी ताकद मग ते बदलण्यासाठी उरते. अपमानाचा राग बहुतेक वेळा रास्तच असतो. पण त्या रागाने अर्ज लिहायचा, संघटन बांधायचे की स्वतःलाच जाळायचे, हे ठरवायला मधली दोन क्षणांची जागा लागते. ती जागा सरावाने मिळते.

जवळच्या माणसाला 'एवढे काय झाले?' असे म्हणू नका. भावना सतत उडवून लावणारे वातावरण त्रास वाढवते, असे डीबीटी मानते. त्याचे ऐकून घ्या. मात्र स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर लेख वाचून भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा १४४१६ या टेलि-मानस हेल्पलाइनवर फोन करा. मदत मागणे हा कमकुवतपणा नाही, मित्रांनो. चळवळीला तुम्ही जिवंत हवे आहात.