ठसका, तांब्या आणि झाकण

जेवताना बडबड करू नका, ठसका लागेल, असे घरात कोणी ना कोणी तुम्हांला बजावलेच असेल. हाच नियम ज्यू धर्मपंडितांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तालमूद या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. कारणही दिले आहे : घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरेल!

हे कारण अगदी बरोबर आहे. श्वासनलिका घशात पुढे असते व अन्ननलिका तिच्या मागे. गिळताना श्वासनलिकेचे वरचे टोक उचलले जाते आणि एक लवचीक झडप त्यावर झाकण घालते. तोंडात घास नसताना गळ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. उंचवटा वर सरकेल. आता गिळता गिळताच ‘आ’ म्हणून पाहा. जमत नाही ना? बोलायचे तर हवेची वाट उघडी हवी. नेमका तेव्हाच घास घसरला की ठसका. आणि वाट पुरती बुजली, तर जिवाशी गाठ.

ज्यू लोक आपल्याला परके नाहीत, बरे का! तेव्हाच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज शतकानुशतके राहिला. पेणकर, रोहेकर, नागावकर ही त्यांची आडनावेच पाहा. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली.

ज्यूंच्या आचारनियमांचा प्रसिद्ध ग्रंथ योसेफ कारो यांनी लिहिला. तो १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याचे नाव ‘शुल्हान आरूख’, म्हणजे मांडलेले मेज. आपण म्हणू, वाढलेले पान! आपण चावलेला तुकडा दुसऱ्यापुढे ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडचे उष्टे ते हेच.

भाकरीला हात लावण्यापूर्वी हात कसे धुवावेत, यावर तर त्यांनी फार बारकाईने विचार केला. भांड्याने हातावर पाणी ओतायचे, मनगटापर्यंत. त्याआधी अंगठी काढायची, चिकटलेली कणीक किंवा चिखल खरवडायचा. हा विधी धार्मिक शुद्धतेसाठी होता; जंतू कोणाला ठाऊक नव्हते. हात स्वच्छ दिसले तरी तो करायचाच. तरीही तांब्याने पाणी ओतणे चांगलेच, कारण सर्वांनी एकाच घमेल्यात हात बुचकळले, तर एकाची घाण दुसऱ्याच्या हाताला लागते.

मात्र नुसते पाणी पुरत नाही. घाण्यावरच्या तेलकट हातांवरून ते ओघळून जाईल. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे तेल, मळ आणि त्यांतले जंतू सुटून वाहून जातात. त्यासाठी निदान वीस सेकंद हात चोळायला हवेत. हगवणीला रोखण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

तालमूदमधला आणखी एक नियम : रात्रभर उघडे राहिलेले पाणी पिऊ नये. कारण काय, तर सापाने त्यात विष सोडले असेल! हे कारण आज आपल्याला पटणार नाही. पण झाकण हवेच. तळीये किंवा पोलादपूरकडच्या डोंगराळ वाड्यांत उन्हाळ्यात पाणी जपून साठवावे लागते. अशा उघड्या पिंपात डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून कोरडे करतात. पण तेवढ्याने भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला, पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पिंप आतून काथ्याने खसखसून घासायचे, आणि मग झाकण लावायचे.